क्लायमेटवरच्या टीव्ही डिबेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या चॅनेलवरच्या क्लिपा आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरत असतात. बहुतेक वेळा पाऊण मिनिटाच्या, मागचं-पुढचं कापलेल्या, आणि वर "शास्त्रज्ञाची बोलती बंद" असलं काहीतरी. मग खाली तेच प्रश्न, तीच भांडणं. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून ठेवू. क्रम लावलेला नाही, जो प्रश्न जास्त वेळा येतो त्याचं उत्तर मोठं झालंय एवढंच.

दोन्ही बाजू दाखवल्या तर बिघडलं काय? पत्रकारितेत तेच शिकवतात ना?

शिकवतात, आणि बरोबरच शिकवतात. धरण बांधायचं की नाही, टॅक्स लावायचा की नाही, यावर दोन काय चार बाजू बसवा. पण "कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो का" हा मत द्यायचा विषय नाही, मोजायचा आहे, आणि तो मोजून झालाय. जॉन टिंडलने १८५९ मध्ये लंडनच्या लॅबमध्ये मोजला, त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापते हे नोंदवलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणितसुद्धा मांडलं, तेही हाताने. म्हणजे हे सगळं टीव्हीच काय, रेडिओसुद्धा घराघरात पोचायच्या आधीचं.

स्टुडिओत काय होतं, तर एका खुर्चीवर हे सगळं सांगणारा आणि समोरच्या खुर्चीवर "मला नाही पटत" म्हणणारा. दोघांना सारखा वेळ, सारखा कॅमेरा, खाली सारख्याच आकारात नाव. बघणाऱ्याला वाटतं मामला पन्नास-पन्नासचा आहे. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या दोघा भावांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या चार मोठ्या पेपरांच्या १९८८ ते २००२ मधल्या बातम्या तपासल्या, तर निम्म्याहून जास्त बातम्यांमध्ये दोन्ही म्हणण्यांना जवळपास सारखं वजन दिलेलं निघालं. कोणी मुद्दाम खोटं छापलं असं नव्हे. नियम पाळला, आणि चित्र चुकलं.

ते ९७ टक्के शास्त्रज्ञ कुठून आले? एवढ्या लोकांना कोणी फोन केला?

फोन कोणी केला नाही, पेपर वाचले. २०१३ मध्ये जॉन कुक आणि टीमने १९९१ ते २०११ मधल्या जवळपास १२,००० शोधनिबंधांचे सारांश वाचले. ज्यांनी माणसामुळे तापमान वाढतंय की नाही यावर काहीतरी भूमिका घेतली होती, त्यातल्या ९७ टक्क्यांनी हो म्हटलं होतं. यावर पॅनेलवरचे लोक एक मुद्दा काढतात की दोन तृतीयांश पेपरांनी भूमिकाच घेतली नव्हती, ते लपवलं. मुद्दा ऐकायला चांगला आहे, पण आज गुरुत्वाकर्षणावर पेपर लिहिणारा कोणी पहिल्या ओळीत "गुरुत्वाकर्षण असतं असं माझं मत आहे" असं लिहितो का? नेओमी ओरेस्केस यांनी २००४ मध्ये ९२८ सारांश तपासले होते, त्यात विरोधात एकही सापडला नव्हता.

२०१४ मध्ये अमेरिकेत टीव्हीवरचा कॉमेडियन जॉन ऑलिव्हरने याचीच गंमत केली. म्हणाला आता प्रमाणात डिबेट करू, आणि स्टुडिओत एका बाजूला तीन जण आणि दुसऱ्या बाजूला पांढरे कोट घातलेले ९७ जण घुसवले. कोणाचंच काही ऐकू आलं नाही.

मला स्वतःला विचाराल तर टक्क्यांवर भांडण्यात मजा नाही. आकडा ९७ असो की ९९, पटवायचं काम मोजमाप करतं, मतदान नाही.

बीबीसीचं काय प्रकरण झालं होतं?

हे नीट सांगण्यासारखं आहे कारण इथे चॅनेलने स्वतःच नंतर मान्य केलं. नायजेल लॉसन म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारातले अर्थमंत्री, नंतर लॉर्ड. २००९ मध्ये त्यांनी क्लायमेट धोरणावर शंका घेणारी एक संस्था काढली. बीबीसीच्या सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांना हवामानशास्त्रज्ञ सर ब्रायन हॉस्किन्स यांच्यासमोर बसवलं, विषय होता त्या हिवाळ्यातले पूर. तक्रारी आल्या, बीबीसीच्या तक्रार विभागाने त्या उचलून धरल्या. झालं, धडा मिळाला असं आपल्याला वाटेल, तर नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच कार्यक्रमात लॉसन पुन्हा आले आणि गेल्या दहा वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान थोडं कमीच झालंय असं बोलून गेले, आणि मुलाखत घेणाऱ्याने त्यांना अडवलं नाही. ते साफ चूक होतं, नंतर त्यांच्याच संस्थेला आकडा चुकल्याचं मान्य करावं लागलं. एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉम म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाने निकाल दिला की बीबीसीने नियम मोडला.

लक्षात घ्या, नियम मोडला तो लॉसनना बोलावलं म्हणून नव्हे. चूक विधान हवेत सोडून दिलं म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीने आपल्या पत्रकारांना लेखी कळवलं की निष्पक्षपणा दाखवायला नाकारणारा माणूस आणून बसवायची गरज नाही, शनिवारी मँचेस्टर युनायटेड २-० ने जिंकलं असेल तर ते जिंकलंच नाही म्हणणाऱ्याला आपण स्टुडिओत बोलावत नाही.

जाता जाता, याच थॅचरबाई मुळात केमिस्ट्री शिकलेल्या, आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत उभं राहून हवामानबदलावर सणसणीत भाषण देऊन आलेल्या. त्या काही डाव्या नव्हत्या हे सांगायला नकोच. तेव्हा हा विषय पक्षांच्या खेचाखेचीत अडकला नव्हता.

ब्रायन कॉक्स आणि ऑस्ट्रेलियन सिनेटरची क्लिप खरी आहे का?

खरी आहे. ऑगस्ट २०१६, ऑस्ट्रेलियातला एबीसीचा क्यू अँड ए हा कार्यक्रम. एका बाजूला भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स, दुसऱ्या बाजूला वन नेशन पक्षाचे नुकतेच निवडून आलेले माल्कम रॉबर्ट्स. रॉबर्ट्स सारखं म्हणत होते पुरावा दाखवा, प्रत्यक्ष पुरावा दाखवा. कॉक्स तयारीने आले होते, त्यांनी तापमानाचा छापील ग्राफ काढून दाखवला. त्यावर रॉबर्ट्स म्हणाले की आकड्यांमध्येच फेरफार झालाय. कोणी केला? तर नासाने. प्रेक्षक हसले, कॉक्सही हसले, आणि तेवढाच तुकडा जगभर फिरला.

पण मला त्या क्लिपमध्ये रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. समोरच्याने पुरावा मागितला, पुरावा दिला, आणि मग पुरावाच खोटा ठरवला. याच्यापुढे टीव्हीवर काही करताच येत नाही. आकड्यांत सुधारणा करतात हे खरं आहे. पूर्वी बोटीवरून बादलीने पाणी काढून त्याचं तापमान घ्यायचे, नंतर इंजिनात येणाऱ्या पाण्याचं घ्यायला लागले, या दोन पद्धतींत फरक पडतो, तो जुळवावा लागतो. आणि आता गंमत ऐका, जमीन आणि समुद्र धरून सगळ्या सुधारणांचा एकत्र परिणाम बघितला तर गेल्या शतकभराची तापमानवाढ सुधारणेमुळे थोडी *कमी* दिसते. फेरफार करून वाढवायचं असतं तर उलटंच केलं असतं ना! पण हे वाक्य समजवायला दोन मिनिटं लागतात, आणि "नासाने घोळ केला" म्हणायला दोन सेकंद.

हे रॉबर्ट्स जन्मले आपल्या पश्चिम बंगालमध्ये, कोळशाच्या पट्ट्यातल्या दिशेरगढला, वडील खाणकामातले. पुढे दुहेरी नागरिकत्वाच्या भानगडीत ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या हायकोर्टाने त्यांची निवड रद्द केली, २०१९ मध्ये ते परत निवडून आले.

मग शास्त्रज्ञ डिबेटमध्ये हरतात का हो?

हरतात, आणि त्याचा हिशोबच उपलब्ध आहे. मार्च २००७, न्यूयॉर्क, विषय "ग्लोबल वॉर्मिंग हे संकट नाही". डिबेटच्या आधी आणि नंतर प्रेक्षकांचं मतदान. सुरुवातीला सुमारे ३० टक्के लोक "संकट नाही" या बाजूला आणि ५७ टक्के विरुद्ध. शेवटी ४६ विरुद्ध ४२! "संकट नाही" वाले जिंकले. त्यांच्याकडे कोण होतं, तर डायनोसोरच्या कादंबरीमुळे जगभर माहीत असलेले मायकल क्रायटन, एमआयटीचे रिचर्ड लिंडझेन आणि लंडनचे प्राध्यापक फिलिप स्टॉट. म्हणजे गोष्ट सांगता येणारी माणसं. समोर नासाचे गॅव्हिन श्मिट आणि त्यांचे दोन सहकारी, अभ्यास पक्का, पण बोलण्यात अटी, कंस, "साधारणपणे", "बहुतांशी".

दीड तासात त्या सभागृहाबाहेर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा एक कणही इकडचा तिकडे झाला नव्हता. बदललं ते फक्त लोकांचं मत.

हेच श्मिट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका बिझनेस चॅनेलवर गेले, स्वतःचं बोलून झालं, आणि पुढे विरोधी मताचे शास्त्रज्ञ रॉय स्पेन्सर येऊन बसणार म्हटल्यावर खुर्चीवरून उठले. टीव्हीसाठी डिबेट करायचा नाही म्हणाले. त्यावर बरीच टीका झाली, पळाले वगैरे. माझं मत विचाराल तर उठले ते समजू शकतो, पण टीव्हीवर रिकामी खुर्चीसुद्धा हरलेलीच दिसते, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

पॅनेलवर नेमकं कोण असतं?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, खरं तर आधी हाच विचारावा. फेब्रुवारी २०१४, अमेरिकेतला मीट द प्रेस हा टीव्ही कार्यक्रम, विषय हवामानबदल. एका बाजूला खासदार मार्शा ब्लॅकबर्न, दुसऱ्या बाजूला बिल नाय, जे मुलांच्या विज्ञान कार्यक्रमामुळे लाडके आहेत पण शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. म्हणजे हवामानशास्त्रावर डिबेट आणि त्यात हवामानशास्त्रज्ञ शून्य. नाय जे बोलले ते ठीकच होतं, पण बघणाऱ्याला वाटतं हे एक मत आणि ते एक मत.

"७० च्या दशकात हेच लोक हिमयुग येणार म्हणत होते", यावर काय?

काही मासिकांनी तसं छापलं हे खरं. पण नंतर कोणीतरी बसून मोजलं: १९६५ ते १९७९ मधल्या शोधनिबंधांपैकी ७ थंडीकडे बोट दाखवत होते आणि ४४ उष्णतेकडे. पुढचा प्रश्न.

आणि तो अमेरिकन सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आलेला माणूस?

सिनेटर जेम्स इनहोफ, २६ फेब्रुवारी २०१५. बाहेर थंडी आहे बघा म्हणून पिशवीतून बर्फाचा गोळा काढला आणि टाकला. त्याच्या आधीचं वर्ष, २०१४, हे तोपर्यंत नोंदलेलं सगळ्यात गरम वर्ष होतं. ही डिबेट नव्हेच, पण क्लिप म्हणून बघायला मजा येते.

ईमेल लीक झाले होते, त्यात घोटाळा उघड झाला ना?

नोव्हेंबर २००९, इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीतून हवामान संशोधकांचे हजाराच्या वर ईमेल चोरीला गेले, कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या अगदी तोंडावर. त्यातलं "घसरण लपवा" हे वाक्य अजूनही पॅनेलवर वाजतं. ती घसरण तापमानाची नव्हतीच. काही झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून जुनं तापमान काढतात, त्या कड्या साधारण १९६० नंतर थर्मामीटरशी जुळेनाशा झाल्या, तो प्रॉब्लेम होता आणि त्याबद्दल आधीच पेपर छापले गेले होते. इंग्लंड-अमेरिकेत मिळून बऱ्याच चौकशा झाल्या, आकडे बनावट असल्याचं कुठेच निघालं नाही. माहिती मागणाऱ्यांशी नीट वागले नाहीत, डेटा द्यायला टाळाटाळ केली, असे ताशेरे मात्र बसले. तेही बरोबरच.

हिमालयाबद्दल तर आयपीसीसी खोटं बोललं होतं. त्याचं काय?

आयपीसीसी म्हणजे हवामानबदलावरचं संशोधन तपासून अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. खोटं नाही, पण मोठी चूक, आणि ती आपल्या अंगणातली. २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात एका ठिकाणी आलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. आता ज्याने गंगोत्रीला जाऊन ती बर्फाची भिंत बघितलीय त्याला विचारा, पंचवीस-तीस वर्षांत ही जाईल का! आकडा आला कुठून, तर एका पर्यावरण संस्थेच्या २००५ च्या रिपोर्टमधून, तो आला १९९९ मधल्या विज्ञान मासिकातल्या एका मुलाखतवजा बातमीवरून. म्हणजे ऐकीव माहिती फिरत फिरत आयपीसीसीत पोचली आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटली.

नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण खात्याने जिऑलॉजिकल सर्व्हेचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा पेपर आणला, मंत्री जयराम रमेश. रैनांचं म्हणणं, हिमनद्या मागे हटतायत पण एवढी काही धावपळ नाही. यावर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी भडकले आणि या प्रकाराला वूडू सायन्स, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान म्हणाले. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला स्वतःच खेद व्यक्त करावा लागला. पचौरींची चांगलीच पंचाईत झाली.

पॅनेलवर ही गोष्ट इथेच थांबवतात. ती थांबत नाही. चूक पकडणाऱ्यांमध्ये हिमनद्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञच पुढे होते, आणि त्याच अहवालाच्या पहिल्या खंडात, जिथे हिमनद्यांचं मूळ विज्ञान आहे, तिथे २०३५ नव्हतं. काठमांडूच्या इसिमॉड या पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा २०११ ते २०२० मध्ये ६५ टक्के जास्त वेगाने वितळल्या. तारीख चुकली होती, दिशा नाही.

म्हणजे शास्त्रज्ञांमध्ये मतभेद नाहीतच?

भरपूर आहेत, फक्त टीव्हीवर दाखवतात ते नाहीत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर शेवटी तापमान किती वाढेल, यावर १९७९ पासून १.५ ते ४.५ अंश असा रुंद पट्टा सांगत होते, २०२१ च्या आयपीसीसी अहवालात तो २.५ ते ४ वर आला. बरीचशी भांडणं ढगांवर आहेत. आपला मान्सून कुठे किती बदलेल, यावर हवामानाची कॉम्प्युटर मॉडेलं अजून एकमेकांशी जुळत नाहीत. वर आलेले लिंडझेन ढगांवरच वेगळं मांडायचे, ते खरे शास्त्रज्ञ आहेत, पण त्यांचं म्हणणं पुढच्या मोजमापांत टिकलं नाही. तरी ही डिबेट मी आनंदाने बघेन, पण त्याला टीआरपी कोण देणार?

सूर्यामुळेच तापत असेल तर?

मग हवेचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. उष्णता खालीच अडकली तर असंच होणार.

बाकी अतिशयोक्ती दुसरी बाजूपण करते, त्यावर का नाही बोलत?

बोलूया की. "१२ वर्षांत जग संपणार" हे आयपीसीसीने कधी म्हटलेलं नाही. २०१८ च्या अहवालात असं होतं की वाढ १.५ अंशांवर रोखायची तर २०३० पर्यंत उत्सर्जन २०१० च्या तुलनेत साधारण ४५ टक्के खाली आणावं लागेल. त्याचं स्टुडिओत येईपर्यंत प्रलयाचं काउंटडाउन झालं. असं बोललं की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं, २०३१ उजाडल्यावर तो येऊन विचारणार, काय झालं हो तुमच्या प्रलयाचं?

अमेरिकेत अजून हे असंच चालू आहे?

ऑगस्ट २०२३ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या मिलवॉकीच्या डिबेटमध्ये अँकरने सांगितलं, माणसामुळे हवामान बदलतंय असं वाटत असेल तर हात वर करा. त्यातले एक उमेदवार डिसँटिस म्हणाले आम्ही काय शाळेतली मुलं आहोत का, आणि विषय तिथेच फाटला. दुसरे उमेदवार विवेक रामस्वामींनी क्लायमेट अजेंडा हे थोतांड आहे म्हणून टाकलं. हात वर करून विज्ञान ठरवायचं हा प्रश्नच मुळात वेडगळ, पण उत्तरं टाळायची पद्धत बघण्यासारखी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी संयुक्त राष्ट्रांत याला जगातली सगळ्यात मोठी फसवणूक म्हटलं, तेव्हा वरून खालपर्यंत सूर एकच आहे.

आपल्या चॅनेलवर काय होतं मग?

आपल्याकडे "हे सगळं थोतांड" म्हणणारा पॅनेलवर फारसा सापडत नाही. दिल्लीतली इंग्रजी पॅनेलं भांडतात ती पैसे कोणी द्यायचे यावर. पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं की गरिबाच्या भातशेतीतला मिथेन आणि श्रीमंताच्या गाडीचा धूर एकाच तराजूत तोलू नका. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा "बंद करू" च्या जागी "कमी करू" असं करून घेण्यात भारत पुढे होता, त्यावर रात्री दोन्हीकडून आवाज चढले होते, आणि तो वाद खरा होता, दोन्ही बाजूंना वजन होतं.

मराठी चॅनेलवर विषय येतो अवकाळी आणि गारपिटीनंतर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा, द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांचं काय झालं होतं. मग पॅनेल लागतं, सत्ताधारी प्रवक्ता, विरोधी प्रवक्ता, एक शेतकरी नेता. पंचनामे कधी, हेक्टरी किती, आणि तुमच्या काळात काय दिलंत. हे विचारायलाच हवं, पण हवामान खात्याचा किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा माणूस असलाच तर फोनवर दीड मिनिट, तेही "साहेब थोडक्यात सांगा".

एखादा पाऊस क्लायमेट चेंजमुळेच झाला असं म्हणता येतं का?

"मुळेच" नाही, पण "किती वाढला" हे आता सांगता येतं. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, त्यानंतर वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटाने हिशोब केला की तो पाऊस हवामानबदलामुळे सुमारे १० टक्के जास्त जोराचा होता. उरलेलं काय, तर डोंगर कसे कापले, कुठे बांधकामं केली, ज्याबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या अहवालात सांगून ठेवलं होतं. टीव्हीवर एक पॅनेलिस्ट फक्त क्लायमेट म्हणतो, दुसरा फक्त अतिक्रमण म्हणतो, दोघं एकमेकांवर ओरडतात, आणि दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर असतं.

मग या डिबेट बघायच्याच नाहीत का?

बघा की, फक्त विषय कोणता ते बघून. जैतापूरचं उदाहरण घ्या. सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॉटचा प्रस्ताव, कोळसा कमी करायचा तर अणुवीज हवी म्हणणारे एका बाजूला आणि मच्छीमार, आंबा-बागायतदार, खर्चाचा हिशोब मागणारे दुसऱ्या बाजूला. यात उत्तर ग्राफमध्ये नाही, यात कोणाला काय गमवावं लागेल ते ठरवायचंय, आणि त्यासाठी समोरासमोर बसावंच लागतं. अशा पॅनेलवर जैतापूरजवळच्या साखरी नाटे गावच्या मच्छीमाराला खुर्ची दिलीय की नुसता रस्त्यावरचा बाइट घेतलाय, एवढं आधी बघा आणि मग चॅनेल बदलायचा की नाही ते ठरवा.